उभ्याचं नवरात्र आणि निळ्या खुर्च्या

आमच्या ऑफिसात एकदा खुर्चीवरून मोठा पेच झाला, असं मी म्हटलं की ऐकणारा लगेच सरसावून बसतो. कुणाची खुर्ची गेली, कुणाला मिळाली, हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. पण थांबा. मी सांगतोय ती खरोखरची खुर्ची. चार पाय, दोन हात, निळी गादी. आणि पेच असा, की साहेब म्हणत होते बसा आणि आमचा माणूस म्हणत होता नको.

शेतात ठिबकच्या नळ्या आणि फिल्टर पुरवणारी आमची कंपनी. विभागाचं ऑफिस सांगलीत, मिरज रस्त्याला. मागं गोदाम आणि नळ्यांच्या भेंडोळ्यांनी भरलेलं मोठं आवार. साताऱ्याला एक छोटी शाखा. मी ऑफिसचा प्रशासन अधिकारी. म्हणजे रजा, बदल्या, तक्रारी आणि साहेबांचा राग, सगळं माझ्या टेबलावरून पुढं जातं. हे झालं दिवसाचं. संध्याकाळी मी नट असतो. हौशी नट. दर हिवाळ्यात स्पर्धेच्या नाटकात उभा राहतो, आणि माझ्या आवाजामुळे मला राजा, फौजदार किंवा भूत यापलीकडे भूमिका मिळत नाही. सांगलीत दर तिसऱ्या घरात एक नट आहे, त्यामुळे कुणाला त्याचं कौतुक नाही. माझ्या बायकोला तर मुळीच नाही.

आमचे आधीचे साहेब होते त्यांच्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती, त्यांची. बाकी सगळे उभे. पावसाळ्यात नवे साहेब पुण्याहून बदलून आले आणि त्यांचा पहिला हुकूम खुर्च्यांचा. निळ्या गादीच्या नव्याकोऱ्या खुर्च्या आल्या, केबिनमध्ये अर्धवर्तुळात मांडल्या गेल्या, आणि साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "माझ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. अधिकारी असो, ड्रायव्हर असो, शेतकरी असो. आधी बसायचं, मग बोलायचं."

आम्ही चाटच पडलो. ड्रायव्हर लोक पहिले काही दिवस तापल्या तव्यावर बसल्यासारखे त्या गादीच्या कडेला टेकायचे. कुंडलचा एक शेतकरी फुटक्या व्हॉल्व्हची तक्रार घेऊन तावातावानं आत गेला. त्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, चहा मिळाला. बाहेर आला तो पडेल चेहऱ्यानं. म्हणाला, "आवं, बसवलं की वो त्यांनी! उभ्यानं कसा झ्याक बोललो असतो!"

साहेब माणूस चांगला. कमी बोलणारा, कामाला वाघ, टाच दुखायची म्हणून जरा लंगडत चालणारा. आमच्या चेष्टामस्करीत मात्र ते कधी यायचे नाहीत. दुपारी आम्ही डबे उघडून दंगा करायचो तेव्हा ते केबिनच्या काचेतून एकदा बघायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे.

आता त्या न बसणाऱ्या माणसाकडे येतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आमच्याकडे सर्व्हिसचा प्रमुख म्हणून लागला. सगळं ऑफिस त्याला हवालदारच म्हणतं. मूळ गाव म्हसवड. बायको साताऱ्यात शिक्षिका, मुलगी यंदा दहावीला. तो स्वतः सांगलीत एका खोलीत एकटा. आधी सीमेवर, मग सांगलीत. "पोरगी मला फोनमदला बाप म्हनती," असं तो हसत सांगायचा. आम्हीही हसायचो, आणि मग पुढचा विनोद कुणालाच सुचायचा नाही.

साताऱ्याच्या शाखेचे प्रमुख वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कुणाला पाठवायचं ते दिवाळीनंतर साहेबांनी पुण्याला कळवायचं होतं. ती जागा हवालदाराची, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यानं साताऱ्यात बायकोला एक मोठं कपाट घ्यायला लावलं होतं. त्यातला एक कप्पा रिकामा ठेवलाय, असं एकदा त्यानंच मला सांगितलं.

आणि मग दिवाळी आली.

म्हसवडच्या सिद्धनाथाचं उभ्याचं नवरात्र असतं. पाडव्याला घट बसतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत व्रत करणारा माणूस खाली बसत नाही. जेवण उभ्यानं, काम उभ्यानं. घरोघरची रीत थोडी वेगळी. हवालदाराच्या घरी रात्री पाठ टेकायची मुभा होती, पण बूड टेकायची नव्हती. त्याचे वडील हे व्रत वर्षानुवर्षं करत आले. यंदा त्यांचे गुडघे गेले. खाटेवरून ते लेकाला म्हणाले, "यंदा माज्या वाटचं तू उभा ऱ्हा."

त्याची रजा वडलांच्या दवाखान्यातच संपली होती, आणि रब्बीच्या तोंडावर आमच्याकडे श्वास घ्यायला सवड नसते. म्हणून व्रत घेऊन हवालदार सांगलीला आला. एस.टी.नं, उभ्यानं. अर्धी गाडी मोकळी आणि हा दांडीला धरून उभा. कंडक्टर दर स्टॉपला येऊन सांगत होता, "आवं पावनं, बसा की! बसलं तरी तिकीट त्येवडंच हाय!"

ऑफिसात त्यानं टेबलावर फिल्टरची दोन खोकी रचली आणि त्यावर संगणक ठेवला. डबा खिडकीच्या कट्ट्यावर उघडायचा. चहावाल्या मावशी त्याच्या टेबलाजवळून जाताना हळूच हात जोडायच्या. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, म्हणजे साहेबांनाही ठाऊक असणार, असं प्रत्येकानं धरून चाललं. आमच्याकडची गंमतच ही, की जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. आणि हवालदार आपण होऊन सांगणार नव्हता. वडलांनी बजावलं होतं, उभं राहायचं ते देवापुढं, लोकांपुढं मिरवायचं नाही.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "बसा, हवालदार."

"नको साहेब, उभाच बरा हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "अहो, बसा की."

"ऱ्हाऊ द्या साहेब."

हे तो हसून म्हणायचा, दोन्ही हात मागं बांधून, पाय फाकवून, फौजेत विश्रामला उभे राहतात तसा. आणि आम्ही बाकीचे खुर्च्यांत बसून एकमेकांकडे बघून गालात हसायचो. कौतुकानं हसायचो हो! पण हसू कौतुकाचं की कुचेष्टेचं हे त्यावर लिहिलेलं नसतं. तिसऱ्या दिवसापासून साहेबांनी त्याला बसा म्हणणं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, साहेबांना पटलं.

नंतर पुण्याच्या वरिष्ठांबरोबर व्हिडिओवर बैठक झाली. आमच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा टीव्हीच्या खाली असतो. पडद्यावर आम्ही सगळे छान कमरेपासून डोक्यापर्यंत दिसत होतो, आणि मधोमध एक शर्ट. नुसता शर्ट. वर डोकं नाही. थोड्या वेळानं तो शर्ट खणखणीत आवाजात म्हणाला, "सातारा भागातल्या फिल्टरच्या तक्रारी निम्म्यावर आल्यात, सर."

पडद्यावरचे सगळे चेहरे पुढं झुकले. मग पुण्याचे मोठे साहेब म्हणाले, "हे कोण बोलतंय? चेहरा कुठाय यांचा?"

हवालदारानं गुडघ्यात वाकून चेहरा कॅमेऱ्यात आणला, नमस्कार केला आणि पुन्हा सरळ झाला. चेहरा गेला, शर्ट उरला.

"काय हो," मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडे खुर्च्या कमी पडतात का?"

सगळं पुणं हसलं. आमच्यातलेही दोघं-तिघं हसले. खुर्च्यांसाठी ज्या माणसानं वरच्यांशी हुज्जत घातली होती, त्याला हा प्रश्न. साहेबांचे कान लाल झाले. ते फक्त "नाही सर" एवढंच म्हणाले.

बैठक संपल्यावर मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"साताऱ्यासाठी आपल्या तरुण इंजिनिअरचं नाव पाठवायचं," साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत पत्र तयार ठेवा."

"आणि हवालदार?"

"ज्याला साधं बसा म्हटलेलं ऐकता येत नाही, त्याच्या हातात शाखा द्यायची?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की साहेबांना काहीच ठाऊक नाही! मी घाईघाईनं सगळं सांगितलं. म्हसवड, सिद्धनाथ, गुडघे, पाडवा, तुळशीचं लग्न. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मावशींनासुद्धा. आणि मी त्याला बसा बसा म्हणत होतो आणि तुम्ही सगळे बघत होतात."

"तसं नाही साहेब..."

"व्रत घरी करावं. नाहीतर रजा घ्यावी. इथं नियम सगळ्यांना एकच. साताऱ्याचं माझं ठरलंय."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, म्हणजे मी निघायचं होतं.

घरी आलो तो पेटलेलाच. खांद्यावर टॉवेल टाकला, दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशीचं भाषण सुरू केलं. "साहेब! आज जर या निळ्या खुर्च्यांना वाचा फुटली असती, तर..."

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तर काय म्हणाल्या असत्या खुर्च्या?"

मी थांबलो. एवढा पुढचा विचार मी केला नव्हता.

"अहो, तुम्हाला हवालदारांचं काम करायचंय की तुमचं नाटक?" ती म्हणाली. "असं बोललात तर साहेबांना दोनच वाटा राहतात. तुम्हाला हाकलायचं किंवा टाळ्या वाजवायच्या."

एवढ्यात बेल वाजली. दारात हवालदार. मला कपाळाला हात लावावासा वाटला, कारण ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. केबिनबाहेरून ऐकून कुणीतरी हा निर्णय संध्याकाळी इंजिनिअरला सांगितला होता, आणि तो बिचारा स्वतःच ओशाळून हवालदाराकडे गेला होता.

बायकोनं सवयीनं, "बसा ना भावोजी," म्हटलं आणि जीभ चावली. मग त्याच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची वाटी दिली. तो आमच्या कपाटाला टेकून उभा राहिला.

"भाऊसाहेब, तुमी काय बोलू नगा," तो म्हणाला. "माज्यापायी तुमचं आन साहेबांचं वाकडं नको. मी उद्या बसतो."

"बसतो म्हणजे?"

"म्हंजी बसतो. त्यांच्या खुर्चीवर. त्येंच्या म्होरं. देव समजून घील." तो जरा थांबला. "बाप न्हाई समजून घ्यायचा. पन त्येला कोन सांगतंय? पोरीचं दहावीचं वरीस हाय. तिला ह्यो एकच बाप हाय, भाऊसाहेब."

लाडू त्याच्या हातात तसाच होता. माझी बायको मेथीकडे बघत होती आणि मेथी निवडून कधीच संपली होती.

"उद्या दुपारपर्यंत बसू नकोस," मी म्हणालो. "दुपारनंतर तुझी मर्जी."

तो गेल्यावर मी पुन्हा तालीम केली, या वेळी बसून. बायकोनं एकच अट घातली. भाजीवाल्याला आपण ज्या आवाजात 'कोथिंबीर कशी दिली' विचारतो, त्या आवाजात बोलायचं. मला वाटलं, सोपं आहे. सोपं? राजे, फौजदार आणि भुतं केलेल्या माणसाला कोथिंबिरीचा आवाज लागता लागेना. "चढला," ती म्हणायची. "पुन्हा चढला. अहो, कोथिंबीर!"

सकाळी मी लवकर पोचलो. साहेब नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले होते. बाहेर अजून कुणी नव्हतं, आणि तसंच हवं होतं. आदल्या दिवशी त्यांचं सगळ्यांसमोर हसू झालं होतं. आता जे बोलायचं ते ऐकायला तिसरा कान नको होता.

"साहेब, थोडा वेळ हवाय. दार लावून."

त्यांनी मान हलवली. मी दार लावलं आणि निळ्या खुर्चीत नीट, पूर्ण टेकून बसलो.

"साताऱ्याचा तुमचा निर्णय मला पटलेला नाही," मी म्हणालो. कोथिंबीर, कोथिंबीर. "निर्णय तुमचा आहे. तुम्ही तो कायम ठेवलात तर पत्र मी करीन, संध्याकाळी पाठवीन, आणि या दाराबाहेर त्याबद्दल माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण पटलेलं नाही, हे पत्र जाण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"सांगितलंत," साहेब म्हणाले. "कारण?"

"इंजिनिअर हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हवालदाराला नाकारायचं कारण त्याच्या कामात सापडलं असतं तर मी आलोच नसतो. ते कारण दिवाळीनंतर आलंय. त्याच्या आधीच्या कामाबद्दल तुम्हीच माझ्याजवळ चांगलं बोलला होतात. दुसरं असं, की तुम्हाला कुणी हसत नव्हतं. आणि तिसरं, ही गोष्ट पहिल्याच दिवशी तुमच्या कानावर घालणं माझं काम होतं. ते राहिलं. त्याची किंमत त्यानं का मोजावी?"

एवढंच. मग मी गप्प बसलो. आयुष्यात मी पुष्कळ अवघड गोष्टी केल्या आहेत. पावसात गळणाऱ्या मंडपात भुताचा अंक शेवटपर्यंत रेटला आहे. पण त्या केबिनमध्ये पुढचं वाक्य जिभेवर घोळत असताना तोंड मिटून बसणं, याला तोड नाही.

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"माझे वडील शिपाई होते," ते म्हणाले. "सरकारी कचेरीत. त्यांच्या साहेबाला बाहेर स्टूल ठेवलेलं खपायचं नाही. दिवसभर दाराबाहेर उभे. घंटी वाजली की आत जाऊन उभे. संध्याकाळी घरी आले की आई बादलीत गरम पाणी द्यायची, त्यात पाय सोडून बसायचे. पायाच्या शिरा अशा सुतळीसारख्या." त्यांनी बोटानं हवेत रेघ काढली. "मी तेल चोळायचो. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला कधी केबिन मिळाली तर आपल्यासमोर माणूस उभा राहणार नाही. केबिन मिळाली. खुर्च्या आणल्या. आणि पहिल्याच दिवाळीनंतर एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा. बसा म्हटलं तरी बसत नाही, आणि बाकीचे हसतायत."

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. खुर्च्या आम्ही पुण्याची फॅशन समजत होतो. मनात उत्तरं पुष्कळ आली, त्यातली दोन तर टाळ्यांची होती. ती मी गिळली.

"साहेब," मी म्हणालो, "याच्याही वडलांना आता उभं राहता येत नाही. त्यांच्या वाटचा हा उभा आहे."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर वॉचमन फाटक उघडत होता आणि त्यातून हवालदार येत होता. पायी. खोलीपासून ऑफिसपर्यंत रोज पायीच.

"मला हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"पुन्हा असं व्हायला नको."

"नाही, साहेब."

"पत्र करू नका एवढ्यात. मी ठरवलेलं बदललंय असं समजू नका. पण पत्र करू नका."

मी बाहेर आलो. जिंकलो की हरलो, काही कळत नव्हतं. नाटकात असं नसतं. तिथं पडदा पडतो तेव्हा निदान मेला कोण ते तरी समजतं.

दुपार व्हायला आली आणि माझं लक्ष हवालदाराकडे. तो दोनदा केबिनकडे बघून शर्ट नीट करताना दिसला. आता हा आत जाऊन बसणार, असं वाटून मी उठलोच होतो, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि साहेब स्वतः बाहेर आले. लंगडत हवालदाराच्या टेबलाजवळ गेले.

"चला, मला आवार दाखवा."

दोघं मागच्या दारानं आवारात गेले. आणि मी? मी खिडकीशी. माझ्या मागं अख्खं ऑफिस. नळ्यांच्या भेंडोळ्यांमधून दोघं चालत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. साहेब बोट दाखवायचे, हवालदार हातवारे करून सांगायचा. मध्येच साहेब थांबले, टाच उचलून धरली. हवालदारही थांबला. मग साहेबांनी काहीतरी विचारलं आणि हवालदारानं मान खाली घातली. मग पुन्हा चालणं. बसण्याचा प्रश्नच नाही, उभं राहण्याचाही नाही. मूकनाट्य मी खूप पाहिली आहेत, पण इतका वैताग कुठल्याच मूकनाट्यानं दिला नव्हता.

हवालदार परत आला तसं मी त्याला गोदामाच्या दाराशी गाठलं. "काय विचारलं रं?"

"महाबळेश्वराकडं त्यो पाऊस, स्ट्रॉबेरीच्या रानात फिल्टर पावसाळ्यात काढून ठिवायचं का, इचारत हुते."

"आणि?"

"आन बापाचे गुडघे."

"आणि सातारा?"

"न्हाई काढलं." मग तो जरा घुटमळून म्हणाला, "मी म्हनलं, साहेब, बसू का? तर म्हनले, खबरदार."

साहेबांनी त्यानंतर साताऱ्याचा विषय माझ्याजवळही काढला नाही. मीही काढला नाही. एकदा सांगून झालं होतं. रोज सकाळी तेच गाणं म्हणणं याला मत मांडणं म्हणत नाहीत, कटकट म्हणतात. बायको रोज संध्याकाळी विचारायची आणि मी मान हलवायचो. घरात मेथी पुष्कळ झाली त्या दिवसांत.

तुळशीच्या लग्नाच्या आधी पुण्याची पुन्हा बैठक लागली. आम्ही खोलीत गेलो तर साहेब आधीच तिथं, आणि कॅमेरा टीव्हीखाली नाही. तो फायलींच्या उंच कपाटावर चढवलेला. साहेबांनी स्वतः चढवलेला. हातांना धूळ लागलेली होती.

पडदा उजळला. मधोमध हवालदाराचा चेहरा, स्वच्छ, कपाळावर गंध. आणि खाली गोलाकार आमची सगळ्यांची टकलं. आपलं टक्कल वरून कसं दिसतं हे माणसाला सहसा माहीत नसतं, आणि ते तसंच बरं असतं. माझं मला त्या दिवशी कळलं.

"अरे वा," पुण्याचे मोठे साहेब म्हणाले, "आज सांगलीकडे टकलांचं प्रदर्शन?"

आमचे साहेब हसले. मी त्यांना बैठकीत पहिल्यांदा हसताना पाहिलं. "सर, आमचे एक सहकारी व्रतामुळे सध्या बसत नाहीत. ते दिसावेत म्हणून कॅमेरा वर घेतला. मागच्या वेळी त्यांचा चेहरा दिसला नाही, ते मी बघायला हवं होतं."

"बरं, बरं. साताऱ्याचं काय ठरलं तुमचं?"

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"यांचंच नाव देतोय, सर," साहेब म्हणाले आणि हवालदाराकडे हात केला.

"हे तिथंही उभेच राहणार का?"

"नाही सर. तुळशीचं लग्न झालं की बसतील. पण शेतकरी आला की उठून त्याच्या रानात जातील. तिथं तसाच माणूस हवाय."

पडद्यावर हवालदाराचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आपण दिसतोय हे तो विसरला होता. मी मान खाली घातली; म्हणजे पुण्याला माझं टक्कल आणखी थोडं दिसलं असेल.

इंजिनिअरला सांगलीत हवालदाराची जागा मिळाली आणि त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचं लग्न सांगलीतच ठरत होतं; साताऱ्याला जायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं! त्या दिवसापासून मी रोज सकाळी साहेबांना ऑफिसच्या बातम्या देतो. आकाशवाणीसारख्या, पण कोथिंबिरीच्या आवाजात.

तुळशीचं लग्न लागलं. हवालदार म्हसवडला जाऊन, व्रत सोडून परत आला, काखेत एक जाड काळी घोंगडी घेऊन. थेट केबिनमध्ये गेला. साहेबांनी मलाही आत बोलावलं.

"बापानं धाडलीय साहेब. तुमास्नी खुर्चीवर टाकायला. म्हनला, साहेबाची टाच दुखती तर बसायला तरी मऊ आसावं."

साहेबांनी घोंगडीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "बसा, हवालदार."

हवालदारानं निळ्या खुर्चीकडे नीट बघितलं, जसं पोहायला उतरणारा माणूस आधी विहिरीकडे बघतो. मग हात टेकवत टेकवत हळूहळू बसला. पाठ टेकली. डोळे मिटले.

"बरी हाय खुर्ची," तो म्हणाला. "एवडं दिस नुस्ती बगतच हुतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव पाहून तो उठायला लागला. साहेबांनी हातानंच खाली बस म्हणून खूण केली.

"व्हय गं," तो फोनवर म्हणाला, "बसलोय. साहेबांच्या म्होरंच बसलोय... व्हय, कप्पा मोकळाच ठेव... न्हाई गं, रडतोय कुठं, सर्दी झालीया."

साहेब उठले. मला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही दोघं पावलं न वाजवता बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं. आतून हवालदाराचा आवाज येत होता आणि बाहेर सगळं ऑफिस कामात असल्याचं सोंग घेऊन बसलं होतं. साहेब आपल्याच केबिनच्या दाराबाहेर उभे होते, दुखरी टाच किंचित उचलून.

"खुर्ची आणू का साहेब?" मी विचारलं.

"नको," साहेब म्हणाले. "उभाच बरा आहे."